हृदयाचे पंपिंग कमी झाले: वाचकांचे प्रश्न, हृदयरोगतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या अंकात हृदयविकारासंबंधी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत हार्ट फेल्युअरविषयीची, म्हणजे हृदय दुबळे किंवा ताठर होऊन आपले काम पुरेसे करू शकत नाही त्या आजाराविषयीची, पत्रे इतकी होती की, हा अंक त्याच एका विषयासाठी ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे न देता केवळ त्यांचे गोव्यातील गाव दिले आहे आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ही उत्तरे वाचून चालू औषधांत परस्पर बदल करू नये. मनात शंका आली तर ती आपल्या डॉक्टरांसमोर मांडावी.

साखळी: माझ्या वडिलांचे वय ६४ आहे. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसवला होता. गेल्या महिन्यात धाप लागली, पाय सुजले आणि त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३० टक्के आले. घरी सोडताना एकदम चार नव्या गोळ्या दिल्या, त्यांत एक मधुमेहाची आहे आणि वडिलांना मधुमेह नाही. आता प्रेशर १०४ पर्यंत उतरले आहे. एवढी औषधे एकदम देण्याची खरोखरच गरज होती का?

प्रथम त्या ३० टक्क्यांविषयी सांगतो, कारण या आकड्याने घरातली माणसे रुग्णापेक्षा अधिक खचतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जमा झालेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते, याचे ते माप आहे. निरोगी हृदयदेखील कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. सर्वसाधारणपणे ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर टाकते. म्हणजे आपल्या वडिलांचे सत्तर टक्के हृदय निकामी झाले, असा अर्थ काढू नये. मात्र हे प्रमाण ४० किंवा त्याहून कमी असेल तर उपचार नेटाने करावे लागतात, आणि समाधानाची गोष्ट अशी की याच गटातील रुग्णांसाठी संशोधनाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे.

चार औषधे का, याचे उत्तर शरीराच्या एका गैरसमजात आहे. अटॅकमध्ये स्नायूचा काही भाग मेला की मूत्रपिंडांपर्यंत पोचणारे रक्त घटते, आणि शरीर त्याचा अर्थ रक्तस्राव झाला असा लावते. मग ते रक्तस्रावात करावयाचे तेच करते: मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्या आवळते, ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये सोडून ठोके वाढवते. जखमी माणसाला काही तास तगवण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, पण ती महिनोन्महिने चालू राहिली तर उरलेला चांगला स्नायूही झिजू लागतो, कप्पा फुगतो आणि पाय व फुप्फुसे पाण्याने भरतात. या प्रतिक्रियेच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. म्हणून प्रत्येक वाट अडवणारे औषधही वेगळे आहे, आणि एकाची मात्रा दुप्पट केल्याने दुसऱ्याचे काम होत नाही.

या वाटा एकेक करून सापडल्या. १९८७ साली स्कँडिनेव्हियात अत्यंत गंभीर रुग्णांवर झालेल्या कन्सेन्सस या अभ्यासात, सहा महिन्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाण रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या एनालाप्रिलमुळे ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. बीटा ब्लॉकरची कथा त्याहून विलक्षण आहे. ठोके मंद करणारे आणि हृदयाचा जोर कमी करणारे हे औषध दुबळ्या हृदयाला देऊ नये, अशीच शिकवण त्या काळी होती. तरीही स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अवघ्या सात रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि रुग्ण सुधारल्याचे नोंदवले. वैद्यकविश्वाने ते पटवून घ्यायला जवळजवळ पाव शतक घेतले. १९९९ साली बायसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल या औषधांवरील दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले, आणि दोन्ही चाचण्या लाभ स्पष्ट झाल्यामुळे मुदतीआधीच थांबवण्यात आल्या. त्याच वर्षी रेल्स या अभ्यासात मीठ-पाणी धरून ठेवण्याची वाट अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त गोळीने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. पुढे २०१४ साली सॅक्युबिट्रिल आणि व्हाल्सार्टन यांचे संयुक्त औषध एनालाप्रिलपेक्षाही सरस ठरले, म्हणून ते त्याच्या जागी दिले जाते.

आता मधुमेहाची गोळी. मधुमेहींवरील २०१५ मधील एका मोठ्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना हार्ट फेल्युअरसाठी इस्पितळात जावे लागण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी आढळले, आणि साखर थोडीशी उतरल्याने एवढा फरक पडणे संभवनीय नव्हते. म्हणून मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही घेऊन, त्याच जातीच्या डापाग्लिफ्लोझिनची डापा-एचएफ ही चाचणी झाली. २०१९ साली तिचे निष्कर्ष आले: ४७४४ रुग्णांमध्ये हृदयविकाराने मृत्यू होण्याचा किंवा हार्ट फेल्युअर बळावण्याचा धोका डापाग्लिफ्लोझिनने २६ टक्क्यांनी घटवला, आणि मधुमेह असो वा नसो, लाभ सारखाच होता. तेव्हा आपल्या वडिलांची फसगत झालेली नाही. २०२० मध्ये भारतात डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट संपल्यापासून ते पुष्कळ कंपन्या बनवतात आणि किंमत सामान्य घराच्या आवाक्यात आली आहे.

चारही औषधे थोड्या थोड्या मात्रेत लवकर सुरू करण्यामागेही कारण आहे. पूर्वी आम्ही एक औषध पूर्ण मात्रेला नेल्यावर दुसऱ्याकडे वळत असू आणि त्यात सहा-सहा महिने जात. इस्पितळातून घरी गेल्यानंतरचे पहिले तीन महिने या आजारात सर्वांत धोक्याचे असतात, हे लक्षात घेता तो संथपणा रुग्णाला परवडणारा नव्हता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ या अभ्यासात घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत, वारंवार तपासणी करत, मात्रा पूर्णापर्यंत नेण्यात आली. त्या गटात सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण १५.२ टक्के राहिले, तर नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या गटात ते २३.३ टक्के होते. माझ्या मते या आकड्यांत औषधांइतकाच वाटा त्या वारंवार तपासणीचा आहे, आणि तेवढा भाग आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. रुग्णाला बरे वाटू लागले की बांबोळीच्या किंवा मडगावच्या इस्पितळाची पुढची खेप टळते.

१०४ हे प्रेशर या औषधांवर असलेल्या माणसासाठी घाबरण्याजोगे नाही. उठताना अंधारी येते का, चक्कर येते का, लघवी कमी झाली आहे का, हे पाहावे. यांतले काही नसेल तर केवळ आकडा पाहून गोळी बंद करू नये. असेल तर बहुधा आधी लघवीच्या, म्हणजे अंगातले जादा पाणी काढणाऱ्या, गोळीची मात्रा कमी करून पाहतात. एक गोष्ट मात्र आजच तपासा: घरात एनालाप्रिल किंवा त्याच जातीच्या रॅमिप्रिलच्या गोळ्यांची जुनी पाने असतील आणि नव्या चिठ्ठीत सॅक्युबिट्रिल असेल, तर ही दोन एकत्र कदापि घेऊ नयेत. त्यांच्यात किमान ३६ तासांचे अंतर लागते, नाहीतर ओठ, जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो.

फोंडा: मी शिक्षिका असून वय ४५ आहे. दोन वर्षांपूर्वी माझे पंपिंग २८ टक्के झाले होते. अँजिओग्राफी स्वच्छ होती, हृदयाच्या स्नायूचा आजार असल्याचे निदान झाले. आता पंपिंग ५२ टक्के आहे आणि मी देवळाच्या पायऱ्या न थांबता चढते. गोळ्या थांबवता येतील का?

आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर शोधण्यासाठीच लंडनमध्ये ट्रेड-एचएफ नावाचा एक छोटा पण मोलाचा अभ्यास झाला. आपल्यासारखेच ५१ रुग्ण त्यात होते: स्नायूच्या आजारातून सावरलेले, पंपिंग पूर्वपदावर आलेले, कसलाही त्रास नसलेले. त्यांपैकी २५ जणांची औषधे देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबवली आणि २६ जणांची चालू ठेवली. सहा महिन्यांत औषधे थांबवलेल्या २५ पैकी ११ जणांचा आजार उलटला. चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही उलटला नाही. यावरून आम्ही असे समजतो की, सुधारलेले पंपिंग हे औषधांच्या आधाराने टिकलेले असते, आजार समूळ गेल्याचे ते लक्षण नव्हे.

काही अपवाद आहेत. अतोनात दारूमुळे, थायरॉइडच्या बिघाडामुळे किंवा सतत वेगाने चाललेल्या ठोक्यांमुळे हृदय दुबळे झाले असेल आणि ते कारणच पूर्णपणे दूर झाले असेल, तर काही रुग्णांत औषधे कमी करण्याचा विचार होतो, तोही इको आणि रक्ततपासणी वारंवार करत. आपल्या पत्रात असे कारण दिसत नाही, त्यामुळे माझे उत्तर नाही असेच आहे. लघवीची गोळी मात्र या नियमात बसत नाही. सूज आणि धाप नसेल तर ती कमी किंवा बंद करता येते, आणि आपल्या डॉक्टरांना हे जरूर विचारा. या आजारात घराण्याचा अंश असू शकतो, म्हणून आपल्या सख्ख्या भावंडांचा व मुलांचा एकदा इको करून घ्यावा, हेही सुचवतो.

मडगाव: आईचे वय ७१, वजन बरेच, प्रेशर व मधुमेह जुना. जिना चढताना धाप लागायची. इकोत पंपिंग ६० टक्के आल्यावर हृदय ठीक आहे असे सांगण्यात आले. चार महिन्यांनी मध्यरात्री फुप्फुसात पाणी भरून तिला दाखल करावे लागले. असे कसे झाले?

हृदयाची कामे दोन आहेत: आकुंचन पावून रक्त ढकलणे आणि सैल होऊन रक्त भरून घेणे. पंपिंगचा आकडा पहिल्या कामाचा. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब, मधुमेह आणि स्थूलता यांमुळे स्नायू ताठर होतो, नीट सैल होत नाही, आणि मागच्या बाजूला फुप्फुसांत दाब वाढत जातो. विश्रांतीत घेतलेल्या इकोत हे सहज नजरेतून सुटते, कारण त्रास जिना चढताना होतो आणि तपासणी पलंगावर पडून होते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे या प्रकारचे असतात, त्यांत वयस्कर स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे, आणि त्यांची धाप वयाच्या किंवा वजनाच्या खात्यात टाकली जाते. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी ही, हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी मदत करते. परंतु स्थूल व्यक्तींत तिचा आकडा कमी येतो, त्यामुळे तो किंचित वाढलेला असला तरी दुर्लक्ष करू नये.

या प्रकारावर कित्येक वर्षे आमच्या हाती फारसे काही नव्हते. पंपिंग कमी असलेल्यांना तारणारी औषधे येथे एकामागून एक निष्प्रभ ठरली. २०२१ साली एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने मृत्यू किंवा इस्पितळात दाखल होण्याचा धोका २१ टक्क्यांनी घटवला आणि पुढच्या वर्षी डापाग्लिफ्लोझिनचाही तसाच निष्कर्ष आला. हा लाभ मुख्यतः दाखल होणे टळण्यात आहे, आयुष्य वाढण्यात तितकासा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०२४ मध्ये फिनेरेनोन या औषधाचीही त्यात भर पडली. आईंना ही औषधे चालतील का, ते मूत्रपिंडांच्या तपासणीवरून ठरेल. ठोके अनियमित आहेत का, हे पाहण्यासाठी ईसीजीही करून घ्या.

काणकोण: मीठ पूर्ण बंद करायला सांगितले आहे. पावसात आमच्याकडे सुके बांगडे, सुंगटे (कोळंबी) आणि पेजेबरोबर लोणचे, याशिवाय जेवण होत नाही. पाणी किती प्यावे? शहाळे चालेल का?

मिठाविषयी रुग्णांना धाक घालण्याची आमची जुनी सवय आता थोडी सौम्य व्हायला हवी. सोडियम-एचएफ या २०२२ मधील अभ्यासात ८०६ रुग्ण होते. दिवसाला १५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम देण्याचा कडक प्रयत्न एका गटात झाला, पण मृत्यू किंवा इस्पितळाच्या खेपा त्यामुळे ठळकपणे कमी झाल्या नाहीत. त्यातील रुग्ण मुळातच बेताचे मीठ खाणारे होते, हे मात्र विसरू नये. ज्यांच्या ताटात खारवलेली मासळी, पापड आणि लोणचे एकाच वेळी असते, त्यांना हा निष्कर्ष लावून चालणार नाही.

पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ, यात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम असते. दिवसभराच्या सर्व पदार्थांत मिळून तेवढ्यावर थांबावे. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, खारी मासळी ही मिठातच मुरलेली असते, धुतल्याने थोडे मीठ जाते, बरेचसे राहते. पावसाळ्यात ताजी मासळी मिळेल तेव्हा ती घ्यावी, तिला कोकम किंवा आंबाड्याची आंबट चव असली की मीठ कमी घातलेले तितकेसे जाणवत नाही. पेजेवर लोणच्याऐवजी भाजलेल्या खोबऱ्याची, मीठ जेमतेम लावलेली चटणी चालेल. आवडता सुका बांगडा वर्ज्य करून माणूस जेवणच सोडत असेल, तर मी पंधरा दिवसांतून एखादा लहान तुकडा खाऊ देतो. वृद्ध रुग्णाचे जेवण तुटून स्नायू झिजणे हा धोका त्या तुकड्यापेक्षा मोठा आहे.

बाजारातले कमी सोडियमचे मीठ मात्र घेऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांचे पोटॅशियम आधीच चढलेले असू शकते. ते फार वाढले तर ठोके अचानक बिघडतात. शहाळ्यालाही हेच लागू आहे. कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, राहणाऱ्या रुग्णांना हे पटवणे मला सर्वांत जड जाते, कारण शहाळे हे औषध म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे. पोटॅशियमचा ताजा अहवाल चांगला असेल तर अधूनमधून एखादे घ्यायला हरकत नाही, रोज नको.

पाण्यासाठी सर्वांना लागू होईल असा एकच आकडा नाही. सूज असताना दिवसाला दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ असे आम्ही सांगतो आणि त्यात पेज, कढी, चहा हे सारे आले. मे महिन्यातल्या घामाच्या दिवसांत, किंवा जुलाब-उलट्या होत असताना, हीच मर्यादा आणि लघवीची गोळी मिळून रुग्णाला कोरडे पाडू शकतात. अशा वेळी डॉक्टरांना विचारून लघवीची व डापाग्लिफ्लोझिनची गोळी तात्पुरती थांबवतात. एकादशीच्या निर्जळी उपासाआधीही हे विचारून ठेवावे.

रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अन्नाचे नसून पाण्याचे असते, आणि धाप लागण्याच्या कित्येक दिवस आधी ते दिसू लागते. काणकोण किंवा सांगे येथून तज्ज्ञापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे आपल्यासाठी या नोंदीचे मोल शहरातल्या रुग्णापेक्षा जास्त आहे.

डिचोली: गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी आणून घेतो. पंपिंग ३५ टक्के आहे. चालेल का?

चालणार नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्या जातीच्या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात व मूत्रपिंडांवर भार टाकतात. सावरलेले रुग्ण पुन्हा दाखल होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. पॅरासिटामॉलची साधी गोळी घ्यावी, पाण्यात फसफसणारी नको, कारण तिच्यात सोडियम बरेच असते. वरून लावायचे मलम आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडेल.

पणजी: काकांना एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी व्हाल का असे विचारले आहे. घरात सर्वांना भीती आहे की त्यांच्यावर प्रयोग करणार. शिवाय ही संशोधने परदेशातली, ती आपल्या माणसांना लागू पडतात का?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. डापा-एचएफसारख्या मोठ्या चाचण्यांत भारतातील रुग्णही होते, त्यामुळे त्या सर्वस्वी परक्या नाहीत. पण आपल्या रुग्णांचे चित्र वेगळे आहे, ही आपली शंका रास्त आहे. तिरुवनंतपुरम येथे २०१३ साली दाखल झालेल्या १२०५ रुग्णांच्या नोंदवहीत सरासरी वय ६१ निघाले, आणि त्यानंतर देशभरातील ५३ इस्पितळांतून दहा हजारांहून अधिक रुग्णांची जी राष्ट्रीय नोंदवही झाली, तिच्यातही ते साठीच्या आसपासच आले. युरोप-अमेरिकेत ते सत्तरीच्या पुढे असते. आपल्याकडे हा आजार कमावत्या वयाच्या जवळ येऊन गाठतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे असतात. तिरुवनंतपुरमच्या त्याच नोंदीत पंपिंग कमी असलेल्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला घरी जाताना सर्व योग्य औषधे लिहून दिलेली होती. औषध आपल्या लोकांवर चालते की नाही, यापेक्षा ते आपल्या लोकांपर्यंत पोचते की नाही, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. या नोंदवह्या नसत्या तर हे कळलेही नसते. गोव्यातही अशी नोंद सातत्याने ठेवली जावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

काकांविषयी. भारतात अशा चाचण्यांवर २०१९ च्या नियमांचे बंधन आहे. नैतिकता समितीची मान्यता लागते, चाचणीची सार्वजनिक नोंदणी करावी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. हार्ट फेल्युअरच्या चाचण्यांत सहसा नवे औषध किंवा बिनऔषधाची गोळी ही नेहमीच्या उपचारांवर जादा म्हणून दिली जाते. नेहमीची औषधे काढून घेतली जात नाहीत. तरीही असे गृहीत न धरता ते स्पष्ट विचारा. संमतीपत्र मराठीत किंवा कोकणीत मागून घ्या, सही करण्यापूर्वी घरी आणून वाचा, आणि काकांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. किती खेपा कराव्या लागतील, प्रवासखर्च कोण देईल, रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, चाचणी संपल्यावर ते औषध मिळत राहील का, एवढे लेखी असावे. नाही म्हटले तरी त्यांच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये, आणि हो म्हटल्यावरही कोणत्याही दिवशी, कारण न देता, त्यांना बाहेर पडता येते.